खोडलेली ओळ, खिशातले फ्यूज

संपादकांचे पत्र आले तेव्हा मी पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत पानवेलींना पाणी सोडत होतो. यंदाच्या अंकात मोबाइलच्या पहिल्या दिवसांवर एक विभाग आहे, आणि ‘मोबाइलवर ई-मेलची फाइल उघडून आपण बोईसरचा कारखाना कसा वाचवलात, तो प्रसिद्ध प्रसंग’ मी लिहावा, अशी त्यांची विनंती होती. विनंती सौजन्याची होती, पण तिच्यातले एकही विधान खरे नव्हते. फाइल मी उघडली नव्हती. कारखाना मोबाइलने वाचला नव्हता. आणि प्रसंग प्रसिद्ध झाला आहे तो माझ्यामुळे नव्हे, सामंतांमुळे.

सामंत हे आमच्या कारखान्याचे खरेदी अधिकारी. निवृत्तीनंतर ते पालघरला स्थायिक झाले आणि वक्तृत्वाकडे वळले. आम्ही जुने सहकारी दर वर्षी पालघरच्या एका सभागृहात जमतो. जेवणापूर्वी सामंत उठतात आणि ती कथा सांगतात. दर वर्षी तीत मोबाइल थोडा मोठा होतो आणि मी थोडा लहान होतो. मी आजवर तोंडी उत्तरे दिली, पण समोर पाने वाढलेली असताना खंडन कोण ऐकतो? म्हणून हे लेखी उत्तर.

दुसरी कथा कामगारांची. तिच्यात राऊत साहेब, म्हणजे मी, संकटाच्या वेळी हात खिशात घालून खांबासारखा उभा राहिलो. तिसरी कथा आमच्या ऑपरेटरची, समुद्रकाठच्या नवापूरच्या धाकू मेहेरची. ती माझी स्तुती करणारी आहे, आणि तीही खोटी आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन, कारण तिचे खंडन मला सर्वांत जड जाते.

प्रथम धंदा समजावून सांगतो. आमच्याकडे कापडाच्या रंगांसाठी लागणारी कच्ची रसायने होत असत आणि उत्पादन विभाग माझ्याकडे होता. लोकांची समजूत अशी की, उत्पादन व्यवस्थापकाने माल काढायचा असतो. माल कामगार काढतात. व्यवस्थापकाचे काम घाबरण्याचे. इतरांना ज्या गोष्टीची सवय झाली आहे, तिची आपल्याला सवय होऊ न देणे, यासाठी मला पगार मिळत असे. ‘राऊत, तुम्ही मारुतीच्या देवळातसुद्धा हेल्मेट घालून जाल,’ असे सामंत म्हणत. मी त्यांना सांगत असे की, त्या देवळाची कौले मी पाहिली आहेत.

रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये बसवलेले एक प्रचंड बंद पातेले. त्याला बाहेरून दुसरी भिंत असते, तिला जॅकेट म्हणतात. दोन भिंतींमधून थंड पाणी खेळते. पातेल्यात एक रसायन आधी भरलेले असते आणि दुसरे वरच्या टाकीतून, पंपाशिवाय, आपल्याच वजनाने थेंबथेंब उतरते. दोघे भेटले की उष्णता निघते. म्हणून आत स्टरर, म्हणजे ढवळणारा पंखा, अखंड फिरत राहिला पाहिजे. पडलेला प्रत्येक थेंब तिथल्या तिथे मिसळावा आणि त्याची उष्णता जॅकेटच्या पाण्याने वाहून न्यावी, अशी ती व्यवस्था.

आता समजा, स्टरर थांबला आणि थेंब थांबले नाहीत. वरून येणारे रसायन हलके असते. ते तवंगासारखे वर साचू लागते. खाली त्याचा जोडीदार स्वस्थ पडलेला. अशा वेळी थर पातळ असेल तर स्टरर सावकाश सुरू करून तो जिरवून टाकणे योग्य, कारण नुसते ठेवले तरी दोन थरांच्या सीमेवर उष्णता साचत राहते. पण थर जाड झाला असेल आणि कोणी स्टरर सुरू केला, तर जे दिवसभरात थेंबाथेंबाने व्हायचे ते एका दमात होते. त्यानंतरचे वर्णन या औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांना करावे लागत नाही. खिडक्यांच्या काचा हादरतात. माणसे ओट्यावर येऊन धूर कोणत्या दिशेला आहे ते पाहतात आणि एकमेकांना विचारतात, ‘कुठली कंपनी?’ ज्या घरचा माणूस त्या पाळीला गेलेला असतो, त्या घरातून हा प्रश्न कोणी विचारत नाही.

थर किती जाड झाला म्हणजे स्टररला हात लावायचा नाही, हे आमच्या जुन्या सूचनापत्रात नव्हते. त्यात सरसकट ‘स्टरर सावकाश पुन्हा सुरू करावा’ एवढेच होते. मला ते वाक्य झोपू देत नसे. मी धाकट्या शेठच्या मागे लागलो आणि पुण्याच्या एका सल्लागारांकडे ते सूचनापत्र दुरुस्तीला पाठवले. दुरुस्त प्रत ई-मेलने धाकट्या शेठकडे आणि सामंतांकडे येणार होती.

आता मोबाइलकडे वळतो. धाकट्या शेठने, म्हणजे मालकांच्या मुलाने, एक फोन स्वतःला घेतला होता आणि तसाच एक सामंतांना दिला होता. खाली दाण्यांसारखी बारीक बटणे, वर करडा पडदा, त्यावर काळी अक्षरे. त्यावर ई-मेल येई, हे त्या दिवसांत नवल होते. ई-मेलला जोडलेली फाइलही येते, असे सामंत अभिमानाने सांगत. वास्तविक फाइल येत नसे. कुठल्याशा दूरच्या यंत्रात ती उलगडली जाई, तिच्यातली अक्षरे तेवढी वेचली जात आणि तुकड्यातुकड्याने पाठवली जात. एक तुकडा वाचून संपला की खाली ‘आणखी’ अशा अर्थाचा शब्द दिसे. तो दाबायचा आणि वाट पाहायची. तक्त्यांच्या रेघा गळून पडत, रकाने एकाखाली एक घसरत, रंग नाहीसे होत. चित्र आले तर राखेच्या रंगाचे येई, नाहीतर त्याच्या जागी रिकामी चौकट.

सुरतेच्या एका गिऱ्हाइकाने एकदा तक्रार केली की, आमच्या मालापासून केलेला लाल रंग कापडावर विटकरी उतरतो. पुरावा म्हणून त्याने कापडाचा फोटो जोडला. सामंतांनी तो करड्या पडद्यावर निरखून पाहिला आणि ‘शेडमध्ये काही फरक दिसत नाही’ असे कळवले. ते अक्षरशः खरे होते. त्या पडद्यावर लाल, विटकरी आणि राख यांत कसलाच फरक दिसत नसे. दुसऱ्या वेळी मालाच्या यादीतले रकाने घसरले आणि जितके किलो हवे होते तितकी पिंपे मागवली गेली. गेटबाहेर ट्रकांची रांग लागली. पहारेकरी सामंतांना विचारू लागला, ‘साहेब, दुसरा कारखाना काढताय काय?’ सगळे हसले. मी हसलो नाही. जे यंत्र चूक करताना अडखळत नाही, त्याची मला धास्ती वाटते. माणूस चुकीचे वाचताना निदान थबकतो. तो पडदा कधी थबकला नाही.

त्या फोनला आमच्या आवारात एकाच जागी नीट सिग्नल मिळे, गेटजवळच्या जांभळाखाली. सामंत तिथे हात उंच करून उभे राहत.

त्या दिवशी दुपारचे जेवण होऊन माणसे कामाला लागली होती, आणि लाइट गेली.

विजेचे एवढे मोठे केंद्र हाकेच्या अंतरावर असूनही लाइट जाणे हा आमच्याकडे रोजचा प्रकार होता. बहुधा तो नुसता झटका असे. दिवे जात आणि माणूस शिवी पुरी करायच्या आत परत येत. त्यामुळे आमच्या ऑपरेटरांची एक रीत पडली होती. लाइट गेली की थेंबांच्या वॉल्व्हला लगेच हात लावायचा नाही, थोडे थांबायचे. कारण एकदा बंद केलेल्या वॉल्व्हची धार पुन्हा पहिल्यासारखी जुळवणे फार किचकट काम होते. धाकू त्याच रीतीने थांबला. त्या दिवशी लाइट आली नाही. त्याने वॉल्व्ह बंद केला तेव्हा वरच्या टाकीच्या काचेतली पातळी इतकी उतरली होती की, ती पाहून मी दुसऱ्यांदा पाहिली.

कारखान्याच्या आवाजाची माणसाला इतकी सवय होते की तो ऐकूच येत नाही. स्टरर थांबल्यावर जी शांतता पसरली ती मात्र मला ऐकू आली. रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावर आम्ही दोघेच होतो. खाली कोणीतरी जिना चढत होते, त्याच्या बुटांचा आवाज स्पष्ट येत होता.

‘साहेब,’ धाकू म्हणाला, ‘माल लय गेला वाटतं.’

‘दिसतंय.’

‘आता लाइट आली का चालू करायचा ना?’

चालू करायचा की नाही, हे मला ठाऊक नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो. सामंतांच्या कथेत मोबाइलला सर्व ठाऊक असते. माझी बाजू घेणारे दोनचार लोक आहेत, त्यांच्या कथेत मला सर्व ठाऊक असते. खरे असे की, कोणालाच काही ठाऊक नव्हते. थर जाड होता. पण किती जाड म्हणजे फार जाड, हे सांगणारा कागद पुण्याहून यायचा होता. थंड पाणी फिरवणारे पंप बंद पडले होते. गच्चीवरच्या टाकीचे साधे पाणी जॅकेटमध्ये सोडण्याची सोय होती, ती आम्ही सुरू केली. ते पाणी जपून सोडावे लागे. फार उघडले तर टाकी लवकर रिकामी होणार, कमी उघडले तर काटा चढणार. धाकूने एक हात त्या वॉल्व्हच्या चाकावर ठेवला आणि डोळे थर्मामीटरच्या काट्यावर. काटा चढत होता. आणि तो थर्मामीटर तळाशी बसवलेला होता. वर, दोन थरांच्या सीमेवर काय चालले आहे, हे त्याला माहीत नव्हते. तो दाखवत होता त्यापेक्षा आत अधिक असणार, इतकेच मला कळत होते.

मग मी खाली गेलो आणि विजेच्या पॅनेलमधून त्या स्टररच्या मोटरचे तिन्ही फ्यूज काढले.

हे का केले, ते सांगतो. आमच्या फिटर आणि इलेक्ट्रिशियन मंडळींचा एक शिरस्ता होता. यंत्रात हात घालण्यापूर्वी त्याचे फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. टेबलावर नाही, कपाटात नाही, दुसऱ्याकडे तर नाहीच. ज्याने काढले त्यानेच परत घालायचे, आणि तोपर्यंत त्याच्याकडे ते कोणी मागायचे नाहीत. मी फिटर नव्हतो, साहेब होतो, म्हणून मला हे शोभत नाही, असे नंतर काहींचे म्हणणे पडले. मला त्या क्षणी एवढेच दिसत होते की, लाइट केव्हाही येईल, आणि ती आली की इथल्या कोणत्याही माणसाचा हात सवयीने हिरव्या बटणाकडे जाईल. रामप्रवेश, आमचा इलेक्ट्रिशियन, त्या वेळी मागे जनरेटरशी झुंजत होता. जनरेटरने दोनदा काळा धूर सोडला आणि तो गप्प झाला. त्यामुळे फ्यूज काढताना मला कोणी पाहिले नाही. पांढऱ्या चिनी मातीचे ते तुकडे तळहातावर चांगलेच जड लागतात. मी ते पाटलोणीच्या खिशांत टाकले.

तेवढ्यात जांभळाखालून सामंतांची हाक आली. ‘राऊत! पुण्याची फाइल सकाळीच आलीय! उघडली!’

संगणक विजेबरोबर मेले होते. कारखान्यात त्या घडीला वाचता येण्याजोगा तो एकच पडदा होता. मी धावलो. हो, धावलो. माझ्या ‘खांबासारखे उभे राहण्या’ची कथा सांगणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

सामंत विजयी मुद्रेने उभे होते. ‘वाचतो, ऐका. स्टरर बंद पडल्यास. थेंब थांबवावेत. स्टरर सावकाश पुन्हा सुरू करावा. झालं! लाइट आली की चालू.’

‘हे जुनंच वाक्य आहे. दुरुस्ती कुठाय?’

‘दुरुस्ती म्हणजे? त्यांनी कायम ठेवलं असेल.’

‘खाली काय आहे?’

‘खाली “आणखी” आहे.’

‘मग दाबा ना!’

‘अहो, वेळ लागतो त्याला. शेठना मी फोन केलाय, त्यांच्याही फोनवर हेच दिसतंय. ते म्हणतात, सुरू करा.’

‘सामंत, दाबा.’

त्यांनी दाबले. पडद्यावर एक छोटे घड्याळ फिरू लागले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींची वाट पाहिली आहे, पण त्या घड्याळाइतका दुष्ट चेहरा दुसऱ्या कशाचा पाहिला नाही. वरच्या मजल्यावरून धाकूने ओरडून काटा सांगितला. तो आणखी चढला होता. त्याच्या आवाजात घाई नव्हती, आणि त्याचीच मला अधिक भीती वाटली.

तुकडा उतरला. मी फोन सामंतांच्या हातातून घेतला. पहिल्याच ओळीत होते: ‘कोणत्याही परिस्थितीत स्टरर पुन्हा सुरू करू नये.’

मी मागे जाऊन आधीचा तुकडा पाहिला. ‘सावकाश पुन्हा सुरू करावा.’ पुढे येऊन पाहिले. ‘सुरू करू नये.’ दोन्ही वाक्ये सारख्याच अक्षरांत, सारख्याच काळेपणाने. ज्याने हे लिहिले तो वेडा नव्हता. म्हणजे यांतले एक वाक्य त्याने मारले होते. पण मेलेले कोणते आणि जिवंत कोणते, हे त्या पडद्याला कळत नव्हते. त्याने दोघांना शेजारी शेजारी उभे केले होते.

‘वरचं मुख्य असणार,’ सामंत म्हणाले. ‘खालचं काहीतरी अपवादाचं असेल.’

‘“कोणत्याही परिस्थितीत” हा अपवाद असतो?’

‘मग काय, छापा-काटा करायचा?’

‘करा. छापा पडला तर माल जाईल. काटा पडला तर धाकू जाईल, मी जाईन, आणि तुमचं हे जांभूळही राहणार नाही.’

सल्लागारांचा नंबर मी त्याच फोनवरून लावला. बंद. ते विमानात होते, हे नंतर समजले. इतक्यात सामंतांच्या फोनवर शेठ आले. त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण तो अतिशय शांत होता. ‘राऊतभाई, मेरे पास भी वही फाइल है. साफ लिखा है, चालू करो. आप डरते बहुत हो.’

‘शेठ, आणखी एक बटण दाबा. पुढे उलटं लिहिलंय.’

‘मैं रस्ते में हूँ, यहाँ नेटवर्क नहीं आ रहा. आप चालू करो, माल बिगड जाएगा.’

फोन कटला. मी सामंतांना एवढेच म्हणालो की, मी वर जातो, आणि वर गेलो.

थांबणे निर्धोक होते, असे मी कधीच म्हटलेले नाही. थांबल्यानेही ते पातेले उसळू शकत होते. पण थांबण्याची चूक हळूहळू येते, काट्यावर दिसते, पळायला वेळ देते. सुरू करण्याची चूक बटणाबरोबरच येते. दोन भीतींमधून मी पळता येण्याजोगी भीती निवडली. याला कोणी ज्ञान म्हणू नये आणि कोणी घाबरटपणाही म्हणू नये. ती निवड होती.

वर येताच मी धाकूला खाली जायला सांगितले. त्यावर काय झाले, ते पुढे सांगतो. मी दोन्ही हात खिशात घातले. ते फ्यूज माझ्या मुठीत आहेत, हे मला सतत जाणवत राहायला हवे होते.

आणि लाइट आली.

प्रथम खालचे दिवे लागले. कुठेतरी एक पंप घरघरला. मग जिन्याखालून, पॅनेलपाशी उभ्या असलेल्या सामंतांचा आवाज: ‘रामप्रवेश, शेठचा हुकूम आहे, स्टरर चालू कर!’ आणि रामप्रवेशचा आनंदी आवाज: ‘हाँ साहब, चालू करता है!’

मला ओरडायचे होते. पण त्याच क्षणी उजव्या खिशातल्या माझ्या बोटांना दोनच फ्यूज लागले.

पॅनेलच्या आतला चुंबक खटकन ओढला गेला. तो ‘खट्’ असा आवाज आमच्या धंद्यातल्या माणसाला पुरेपूर ओळखीचा असतो. त्याच्या मागोमाग मोटरचा गुरगुराट यायचा असतो. त्या दोहोंमधली जागा केवढी असते? डोळ्याची पापणी लवण्याइतकी. त्या जागेत मी नवापूरचा किनारा पाहिला, माझ्या घराचा ओटा पाहिला, आणि ‘कुठली कंपनी?’ असे विचारणारी माणसे पाहिली. मग डाव्या मुठीत मला तिसरा फ्यूज लागला. तो तिथेच होता, घट्ट आवळलेला. मीच तो आवळून धरला होता आणि मलाच ते जाणवत नव्हते.

गुरगुराट आला नाही. रिअ‍ॅक्टर तसाच मुका उभा राहिला.

मग रामप्रवेशने पॅनेलमध्ये डोकावून पाहिले असावे, कारण त्याचा आवाज एकदम बदलला. धंद्यातला, दबका, अदबीचा आवाज झाला तो. ‘फ्यूज किसके पास है?’

‘मेरे पास,’ मी म्हणालो.

‘ठीक है साहब,’ तो म्हणाला, आणि पॅनेलपासून दूर झाला. त्याने कारण विचारले नाही. ज्याच्या खिशात फ्यूज असतात त्याला कारण विचारायचे नसते. सामंतांनी मात्र विचारले, आणि बराच वेळ विचारले.

लाइट आल्यामुळे थंड पाण्याचे पंप सुरू झाले होते. काटा काही काळ तसाच चढत राहिला, मग एका जागी थबकला, मग इतक्या संथपणे उतरू लागला की तो उतरतो आहे हे कबूल करायला मी तयार होईना. सल्लागार विमानतळावरून बाहेर पडल्यावर त्यांचा फोन आला. मी पडद्यावरचे काही वाचून दाखवले नाही, नुसते विचारले, ‘सुरू करायचा की नाही?’

‘नाही! अजिबात नाही!’ ते किंचाळलेच. ‘ती ओळ मी खोडलीय. लाल रेघ मारलीय तिच्यावर. दिसत नाही का तुम्हाला?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘रेघ आमच्यापर्यंत आली नाही. फक्त ओळ आली.’

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही वरचा थर निर्वात नळीने सावकाश खेचून दुसऱ्या टाकीत घेतला. संध्याकाळी संगणकावर ती फाइल उघडली तेव्हा लाल रेघ सर्वांनी पाहिली. सामंतांनीही पाहिली. त्यांचा चेहरा त्यांच्या फोनच्या पडद्यासारखा झाला होता, हे मी इथे नोंदवतो, कारण ते स्वतः ते कधीच सांगत नाहीत. शेठनी ‘माल तो गया’ एवढे म्हटले, आणि पुढच्या आठवड्यात तसलाच एक फोन मलाही दिला. मी तो वापरला. पण त्यावर फाइल आली की पाठवणाऱ्याला फोन करून विचारत असे, ‘यात काही खोडलंय का?’ लोक हसत. आज सर्व रंग, सर्व रेघा बोटाच्या टोकावर दिसतात, तरी मी विचारतो. परवा नातेवाइकांकडून लग्नाची पत्रिका मोबाइलवर आली, तेव्हाही विचारले. मुलीकडचे रागावले.

तेव्हा सामंतांचे उत्तर झाले. मोबाइलने कारखाना वाचवला नाही. मोबाइलने मेलेली ओळ उठवून बसवली होती. कामगारांचेही उत्तर झाले. हात खिशात होते, कारण फ्यूज खिशात होते.

राहिला धाकू.

गेल्या मेळाव्यात सामंतांचे भाषण संपल्यावर धाकू उठला. तो एरवी बोलत नाही. पहिल्या रांगेत त्याची बायको हिरा बसली होती. ‘सामंत साहेब सांगतात ते सांगू द्या,’ तो म्हणाला. ‘पन आमचं राऊत साहेब मला म्हनाले, धाकू, तू खाली जा. मी गेलो. साहेब एकटं वर रायले त्या रिअ‍ॅक्टरजवल.’ सभागृहात टाळ्या पडल्या. हिराबाईंनीही वाजवल्या. मी हरकत घ्यायला उभा राहिलो. धाकूने माझ्याकडे पाहिले, मग बायकोकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे. मी खाली बसलो.

‘राऊत, आज हरकत नाही?’ सामंतांनी विचारले.

‘पाणी हवं होतं,’ मी म्हणालो.

नंतर हात धुताना धाकूने मला गाठले. वसाहतीत कुठे मोठा आवाज झाला की हिराबाई त्याच्याकडून शपथ घेत, की काही झाले तर तू आधी पळायचेस. ती शपथ त्याने पाळली, असे त्याने त्या दिवशी घरी सांगितले होते, आणि आजवर तेच सांगत आला होता. खोटी स्तुती सहन करणे मला निंदेपेक्षा कठीण जाते, हे मी त्याला सांगितले. हे लिहिण्यापूर्वीही त्याला विचारले. तो फोनवर हसला. ‘लिवा, साहेब. आता काय? पन अंक निघाला का मला पयला कलवा. मी होडी घेऊन बाहेर जाईन.’

होडीपेक्षा माहीमच्या वाडीतली खोली बरी. ती झाडून ठेवली आहे. हिराबाईंनी हे वाचले असेल तर त्यांनी पुढचेही वाचावे.

मी वर आलो तेव्हा धाकू जॅकेटच्या पाण्याच्या वॉल्व्हपाशी होता, रिअ‍ॅक्टरला जवळजवळ टेकून. मी त्याच्या मागे, जिन्याच्या बाजूला उभा राहिलो. पळायचे झाले असते तर मी आधी पोहोचलो असतो. मी म्हणालो, ‘धाकू, खाली जा.’ तो हलला नाही. मी पुन्हा म्हणालो, या वेळी साहेबाच्या आवाजात. त्याने एकदा वळून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा काट्याकडे बघत विचारले:

‘तुमचं दोनी हात खिशात हाय, साहेब. पान्याचा वाल कोन फिरवल?’